चौदा एकरांची चूक

मुंबईतल्या महालक्ष्मीचे रेसकोर्स १८८३ मध्ये उभे राहिले, त्यासाठी कुसरू वाडिया यांनी जमीन दान दिली, जागा सुमारे २२५ एकर आहे आणि तिथे २४०० मीटरची सरळ धाव आहे. विकिपीडियाच्या इंग्रजी नोंदीत ही माहिती वर्षानुवर्षे राहिली. तिथून ती पर्यटनाच्या संकेतस्थळांवर गेली, शाळकरी मुलांच्या प्रकल्पवह्यांत उतरली आणि आता मोबाइलला प्रश्न विचारला तरी तीच पुढे येते. ही चार विधाने पारखून पाहिली, तर त्यांतली तीन डळमळतात.

घोड्यांच्या शर्यतीचे मुंबईतले मैदान आणि जळगाव-धुळ्याचा वाचक यांचा संबंध काय, असे कुणी विचारील. संबंध असा की, महालक्ष्मीबद्दल चूक झाली तर ती दाखवून द्यायला मुंबईत शर्यती भरवणारा टर्फ क्लब आहे, महापालिका आहे, वर्तमानपत्रे आहेत. आपल्या खान्देशातल्या सारंगखेड्याच्या घोडेबाजाराबद्दल कुणी चुकीचे लिहिले, तर ते दुरुस्त करायला आपल्याखेरीज कुणी नाही. म्हणून दुरुस्ती कशी करतात, हे महालक्ष्मीच्या उदाहरणावरून शिकून घेणे आपल्या फायद्याचे आहे.

वर्ष, वय आणि भाडेपट्टा

आधी वाडियांचे पाहू. सर कुसरू वाडिया यांचा जन्म १८६९ चा. बॉम्बे डाइंगचे संस्थापक नवरोसजी वाडिया यांचे ते पुत्र. पुण्याचे वाडिया कॉलेज त्यांनी आणि बंधू सर नेस यांनी वडिलांच्या स्मरणार्थ १९३२ मध्ये काढले. रेसकोर्स झाले त्या १८८३ साली कुसरू जेमतेम १४ वर्षांचे होते. त्या वयाच्या मुलाने शर्यतीच्या मैदानासाठी जमीन दान देणे पटणारे नाही. पुढे ते टर्फ क्लबचे अध्यक्ष झाले आणि क्लबच्या इतिहासात त्यांच्या मदतीचा मोठा मान आहे. चूक त्यांच्या दातृत्वात नाही. मैदानाचे वर्ष आणि पुढच्या काळातली मदत एका वाक्यात कोंबल्यामुळे दोन पिढ्यांचा इतिहास एकाच सालात जमा झाला.

तीच नोंद पुढे सांगते की, जागा मुंबई महापालिकेने रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लबला भाडेपट्ट्याने दिली. हे खरे आहे. तो भाडेपट्टा ३१ मे २०१३ रोजी संपला आणि त्यानंतर जागेवरून मोठा वाद झाला. पण सगळी जागा वाडियांनी दान दिली असेल, तर ती पालिकेने भाडेपट्ट्याने कशी दिली? दान आणि भाडेपट्टा ही दोन विधाने एकाच परिच्छेदात शेजारी शेजारी होती आणि रोज वाचणाऱ्यांना त्यातली विसंगती जाणवली नाही.

आता क्षेत्रफळ. सरकारी कागदांत ही जागा साधारण साडेआठ लाख चौरस मीटर, म्हणजे २११ एकर आहे. २०२४ मध्ये राज्य सरकारने निर्णय घेतला, तेव्हा १२० एकर सार्वजनिक उद्यानासाठी पालिकेकडे आणि ९१ एकर ३० वर्षांच्या भाडेपट्ट्याने क्लबकडे अशी वाटणी झाली. बेरीज २११ होते. मग २२५ मधले उरलेले १४ एकर गेले कुठे? खान्देशात १४ एकर केळी ज्याच्याकडे असते, त्याला गावात बागायतदार म्हणतात. सातबाऱ्यावर गुंठाभर इकडचे तिकडे झाले तरी भाऊबंदकी कोर्टात जाते. ज्ञानकोशात मात्र ५६० गुंठ्यांचा फरक ‘सुमारे’ या एका शब्दाखाली खपून गेला.

राहिली सरळ धाव. महालक्ष्मीची धावपट्टी लंबगोल आहे. २४०० मीटर हा तिथल्या शर्यतीचा ओळखीचा पल्ला आहे, १९४३ पासून होणारी इंडियन डर्बी याच अंतराची असते. पण घोडे ते अंतर वळणे घेत पार करतात. नकाशावर मोजपट्टी ठेवली, तर मैदानाची सर्वांत मोठी लांबीसुद्धा सव्वा-दीड किलोमीटरच्या पलीकडे जात नाही. तिथे दोन किलोमीटर चारशे मीटरची सरळ धाव बसणार तरी कुठे?

खोडायचे कसे, लिहायचे कसे

विकिपीडियावर ‘संपादन’ दाबून कुणालाही बदल करता येतो. मराठी विकिपीडिया १ मे २००३ पासून आहे आणि तिथेही हीच मोकळीक आहे. पण नुसता आकडा बदलून गेलेला माणूस दुसऱ्या दिवशी परत येतो, तेव्हा जुनाच आकडा तिथे दिसतो. कुणीतरी बदल उलटवलेला असतो. यात सहसा आकस नसतो. पुरावा न देता आकडा बदलणारा माणूस जाणकार आहे की खोडसाळ, हे पाहणाऱ्याला कळायला मार्ग नसतो.

म्हणून पहिले पाऊल ‘इतिहास’ पानावर टाकायचे. चुकीचे वाक्य केव्हा आले आणि कोणत्या संदर्भाने आले, हे तिथे दिसते. पुष्कळदा संदर्भ नसतोच. कधी असतो तो एखाद्या बातमीचा असतो, आणि बातमीदाराने ती ओळ विकिपीडियावरूनच उचललेली असते. मग नोंद बातमीचा आधार देते आणि बातमी नोंदीचा. हे चक्र ओळखायला एकच कसोटी आहे: नोंदीत ते वाक्य येण्याआधीचा, स्वतंत्र आधार आहे का?

दुसरे पाऊल ‘चर्चा’ पानावर. वाडियांचे वय, एकरांची बेरीज, नकाशावरची लांबी हे सगळे तर्क तिथे मांडायचे. लेखात ते घालता येत नाहीत. दोन संदर्भ जोडून स्वतः काढलेला निष्कर्ष विकिपीडिया मूळ संशोधन मानतो आणि ते स्वीकारत नाही. लेखात एवढेच करायचे: निराधार वाक्य काढायचे किंवा त्यावर ‘संदर्भ हवा’ अशी खूण करायची, आणि त्या जागी प्रसिद्ध झालेल्या, विश्वासार्ह स्रोतात जे आहे तेवढे, साल आणि संदर्भ देऊन लिहायचे. दोन आकडे चालत आलेले असतील तर दोन्ही द्यावेत आणि कुठला आकडा कोणत्या कागदात आहे ते सांगावे. शेवटी ‘बदलांचा आढावा’ या चौकटीत एका ओळीत कारण लिहावे. एवढे केले की बदल सहसा टिकतो.

आपल्याकडची शिस्त

पुराव्याची ही शिस्त खान्देशाला नवी नाही. इतिहासाचार्य राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यातच गेले आणि त्यांची दप्तरे, पोथ्या सांभाळायला १९२७ मध्ये धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळ उभे राहिले. अस्सल कागद हाती आल्याशिवाय विधान करायचे नाही, हा त्यांचा दंडक होता. मराठी विश्वकोशाचे प्रमुख संपादक तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांचा जन्म १९०१ मध्ये धुळे जिल्ह्यातल्या पिंपळनेरचा. १९७६ पासून खंडांनी निघालेला विश्वकोश आज इंटरनेटवर खुला आहे. त्यातल्या नोंदी लेखकाच्या नावानिशी आहेत, आणि चूक दाखवायची तर संपादक मंडळाला कळवावे लागते. एका कोशात कुणीही लिहितो आणि दुसऱ्यात नेमलेला अभ्यासक लिहितो, पण दोन्हीकडे मागणी एकच असते: आधार दाखवा.

सारंगखेड्याची नोंद

आता आपल्या घोड्यांकडे येऊ. तापीकाठच्या सारंगखेड्याला एकमुखी दत्ताची यात्रा दत्तजयंतीला सुरू होते आणि तिच्यासोबत घोडेबाजार भरतो. मारवाडी, काठियावाडी, पंजाबकडचे पांढरेशुभ्र नुकरा अशी जनावरे तिथे येतात. गिऱ्हाईक आधी ओठ वर करून दात पाहतो, त्यावरून वय ठरते. मग अंगावरचे भोवरे पाहतो. गळ्याशी देवमण नावाचा भोवरा असेल तर किंमत चढते. शेवटी मालक घोड्यावर बसून रेवाल चाल दाखवतो. या चालीत स्वाराला हादरा बसत नाही. तिच्या स्पर्धेत वेगाइतकीच चाल न मोडण्याला किंमत असते. हे जाणणारी माणसे शेकड्यांनी आहेत, पण छापील मजकूर फार थोडा आहे.

इथे चुकाही ठरलेल्या असतात. सारंगखेडा शहादे तालुक्यात, म्हणजे आज नंदुरबार जिल्ह्यात आहे. पण १ जुलै १९९८ पूर्वी तो भाग धुळे जिल्ह्यात होता आणि त्याआधी पश्चिम खान्देशात. १९०६ पूर्वी तर सगळा मिळून एकच खान्देश जिल्हा होता. १८८० चे खान्देश गॅझेटियर किंवा १९७४ चे धुळ्याचे गॅझेटियर उघडणाऱ्याने कागद कोणत्या काळातला आहे हे आधी पाहिले पाहिजे. नाहीतर जुना बरोबर संदर्भ देऊन नवी चूक तयार होईल. बाजाराची तीनशे वर्षांची परंपरा आणि शिवकाळाशी असलेले नाते सांगितले जाते, तेही ‘असे सांगितले जाते’ म्हणूनच लिहावे. कागद सापडला की विधान पक्के करता येईल.

आणि कागद सापडण्यासाठी कुणीतरी तो आधी छापायला हवा. जुन्या व्यापाऱ्याच्या तोंडची माहिती कितीही खरी असली, तरी ती प्रसिद्ध झाल्याशिवाय कोशात जात नाही. जळगावच्या विद्यापीठातल्या इतिहासाच्या विद्यार्थ्याने घोडेबाजारावर प्रबंध लिहावा. ग्रामपंचायतीने जुन्या यात्रांच्या पावत्या आणि नोंदवह्या जपाव्यात. स्थानिक दैनिकांनी यंदाच्या बाजाराची बातमी देताना किती घोडे आले आणि कुठून आले, हे नीट नोंदवावे. महालक्ष्मीची चूक पकडता आली, कारण भाडेपट्टा, सरकारी निर्णय आणि एका उद्योगपतीचे जन्मसाल हे सारे लिहून ठेवलेले होते. सारंगखेड्याचे तसे लिहून ठेवणे हे आपले काम आहे, आणि ते येत्या दत्तजयंतीपासूनच सुरू करता येईल.