सिरॉसिसचा रुग्ण आणि दर सहा महिन्यांची सोनोग्राफी

‘लिव्हर आकसलंय’ असं डॉक्टरांनी सांगितलेली माणसं जालना जिल्ह्यातल्या कुंभार पिंपळगावच्या बाजारात भेटतात, तशी ती मराठवाड्यात कुठेही भेटतात. पोटातलं पाणी काढून आणलं, दारू सुटली, गोळ्या लागू पडल्या, की घरच्यांना वाटतं आजार आटोक्यात आला. पण आकसलेल्या लिव्हरला, म्हणजेच सिरॉसिसला, कॅन्सरचा धोका पुढेही राहतो. दिल्लीच्या ‘एम्स’मधल्या रुग्णांच्या अभ्यासात सिरॉसिसच्या दर १०० रुग्णांमागे वर्षाला सुमारे १.६ जणांना यकृताचा कॅन्सर झाल्याचं दिसलं. वर्षं सरतात तशी ही जोखीम साठत जाते. म्हणून दर सहा महिन्यांनी पोटाची सोनोग्राफी आणि सोबत एएफपी ही रक्ततपासणी करायची असते. ती राहून जाते, आणि त्यामागे बहुतेकदा काही पक्के गैरसमज असतात.

सगळ्यांत घातक गैरसमज हा: ‘काही दुखत नाही, मग तपासायचं कशाला?’ यकृताच्या आतल्या भागाला वेदना कळतच नाही. दुखतं ते वरचं पातळ आवरण, तेही गाठ वाढून ते ताणलं गेलं की. बरगडीखाली दुखू लागतं, वजन उतरतं, कावीळ होते, तोवर बरं करणारे बरेचसे उपाय हातचे गेलेले असतात. गाठ दोन-तीन सेंटिमीटरची असताना ती शस्त्रक्रियेने काढता येते किंवा सुई घालून उष्णतेने जाळता येते. यकृत प्रत्यारोपणाचा विचारही साधारणपणे एकच गाठ ५ सेंटिमीटरपर्यंत, किंवा जास्तीत जास्त तीन गाठी प्रत्येकी ३ सेंटिमीटरपर्यंत असतील तरच होतो. १९९६ साली इटलीतल्या मिलान शहरातल्या डॉक्टरांनी आखलेली ही मर्यादा आजही जगभर आधार मानली जाते. लहान गाठीची चाहूल रुग्णाला लागत नाही, ती सोनोग्राफीतच दिसते.

‘आमच्या घरात कुणी दारूला शिवत नाही’ हे वाक्यही फसवं आहे. हिपॅटायटिस बी आणि सी, तसंच मधुमेह-लठ्ठपणासोबत येणारं फॅटी लिव्हर यांतूनही सिरॉसिस होतो. हिपॅटायटिस बी तर सिरॉसिस नसतानाही कॅन्सर घडवू शकतो. नुसतं फॅटी लिव्हर निघालं म्हणून घाबरून दर सहा महिन्यांनी धावायची गरज नाही. तिथे आधी सिरॉसिस झालाय का, हे तपासून घ्यायचं. हिपॅटायटिस बी आणि सी यांची तपासणी आणि औषधं २८ जुलै २०१८ ला सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात मोफत आहेत. हिपॅटायटिस सी बहुतेकांचा १२ आठवड्यांच्या गोळ्यांनी बरा होतो. दारू सोडल्यानेही जोखीम उतरते. मात्र सिरॉसिस झालेला असेल तर जोखीम शून्यावर येत नाही. विषाणू गेला, दारू सुटली, तरी सोनोग्राफी चालूच ठेवायची.

‘मागच्या वर्षी सोनोग्राफी नॉर्मल होती’ असं सांगणारे पुष्कळ. या गाठीचा आकार काही महिन्यांत दुप्पट होऊ शकतो, त्यामुळे वर्षभराचं अंतर फार होतं. दर तीन महिन्यांनी करून मात्र जास्तीचा फायदा होत नाही, हे फ्रान्स आणि बेल्जियममधल्या २०११ च्या अभ्यासाने दाखवलं. दुसरं असं, की सोनोग्राफी एकटी पुरत नाही. अनेक अभ्यास एकत्र करून २०१८ साली मांडलेल्या हिशेबात, सुरुवातीच्या अवस्थेतल्या कॅन्सरपैकी नुसत्या सोनोग्राफीने ४५ टक्के सापडले, सोबत एएफपी केल्यावर ६३ टक्के. हा आकडा अजूनही मनासारखा नाही, म्हणून रिपोर्ट नीट वाचणं महत्त्वाचं. पोटात वायू असल्याने किंवा चरबीमुळे यकृत पूर्ण दिसलं नाही, असं त्यात लिहिलं असेल तर तो ‘नॉर्मल’ रिपोर्ट समजू नका. डॉक्टरांना विचारा, सीटी किंवा एमआरआय लागेल का. सोनोग्राफीला उपाशीपोटी जा, आणि जुने रिपोर्ट सोबत न्या; नवीन ठिपका कोणता आणि जुना कोणता, हे त्यावरून कळतं.

‘कॅन्सर निघालाच तर उपाय काय, न कळलेलं बरं’ ही भीती समजण्यासारखी आहे, पण वस्तुस्थिती वेगळी आहे. चीनमधल्या शांघायमध्ये, मुख्यतः हिपॅटायटिस बी असलेल्या १८,८१६ लोकांवर झालेल्या चाचणीत दर सहा महिन्यांच्या तपासणीने यकृताच्या कॅन्सरचे मृत्यू ३७ टक्क्यांनी घटले, तेही अनेक जण वेळेवर आले नसताना. सिरॉसिसच्या रुग्णात निदान बहुतेकदा सीटी-एमआरआयच्या चित्रावरूनच होतं, सुईने तुकडा काढायची गरज क्वचितच पडते.

आता खरी अडचण. सोनोग्राफीसाठी जालना किंवा छत्रपती संभाजीनगर गाठायचं म्हणजे दिवसाची मजुरी बुडते, आणि सहा महिन्यांनी ‘या’ म्हणून आठवण करणारं कुणी नसतं. अमेरिकेतल्या डॅलसमध्ये सिरॉसिसच्या रुग्णांना पत्रं पाठवून बोलावलं, तर तपासणी करून घेणाऱ्यांचं प्रमाण २४ टक्क्यांवरून ४४ टक्क्यांवर गेलं. रक्तदाब-मधुमेहाच्या रुग्णांची यादी ठेवली जाते, तशी सिरॉसिसच्या रुग्णांचीही गावपातळीवर ठेवली आणि आशाताईंच्या हाती दिली, तर इथेही हे जमेल असं मला ठामपणे वाटतं. ऊसतोडीला जाणाऱ्या घरांनी दोन तारखा बांधून घ्याव्यात: टोळी निघण्याआधी दसऱ्याला एक, परतल्यावर गुढीपाडव्याला दुसरी. अंतर बरोबर सहा महिन्यांच्या आसपास पडतं.

जालन्याला जिल्हा रुग्णालय आहे, २०२४ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही आहे. पुढच्या उपचारांसाठी छत्रपती संभाजीनगरात घाटी रुग्णालय आणि शासकीय कर्करोग रुग्णालय आहे. तुमच्या घरात सिरॉसिसचा रुग्ण असेल तर आजच त्याची फाईल काढा आणि शेवटच्या सोनोग्राफीची तारीख पाहा. सहा महिने उलटले असतील तर याच आठवड्यात तपासणीला घेऊन जा.