शहराचं पाणी आणि वासरांचा गोठा

पाण्यात क्लोरीन मिसळलं की ते पिण्याजोगं झालं, असं आपण धरून चालतो. बहुतेक रोगजंतूंपुरतं ते खरंही आहे. पण क्रिप्टोस्पोरिडियम हा परजीवी क्लोरीनला दाद देत नाही. त्याचे जाड कवचाचे कोष जेमतेम 4 ते 6 मायक्रॉनचे असतात आणि पोहण्याच्या तलावातल्या क्लोरीनमध्येही आठवडाभर तग धरतात. हगवण लागलेलं, महिन्याच्या आतलं वासरू शेणावाटे असे अब्जावधी कोष टाकतं. उलट 1995 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात निम्म्या निरोगी माणसांना लागण व्हायला सुमारे 132 कोष पुरेसे ठरले. म्हणूनच मला वाटतं, बंदोबस्त आधी गोठ्यात करावा, जलशुद्धीकरण केंद्रात नंतर.

न्यूयॉर्क शहराने हे 1990च्या दशकात करून दाखवलं. त्याचं बहुतेक पाणी कॅट्सकिल-डेलावेअरच्या डोंगराळ भागातून गाळणीविना येतं आणि तिथे दुभत्या जनावरांचे गोठे आहेत. शहराने आधी कडक नियम आखले, शेतकरी खवळले. मग तोडगा निघाला : योजना प्रत्येक शेतापुरती, सहभाग ऐच्छिक, खर्च शहराचा. ओढ्याला कुंपण, पाण्याची वेगळी सोय आणि वासरांना ओढ्यापासून दूर, कोरडे, हवेशीर गोठे. कोरडेपणात हे कोष मरतात. अब्जावधी डॉलरचं गाळण केंद्र शहराला टाळता आलं.

यात शेतकऱ्यावर उगाच ठपका येतो, हा आक्षेप रास्त आहे. 1993 साली अमेरिकेतल्या मिलवॉकीत क्रिप्टोस्पोरिडियममुळे चार लाखांवर लोक आजारी पडले, तेव्हा संशय गुरांवर गेला. पुढे रुग्णांच्या नमुन्यांत परजीवीचा माणसांतला प्रकार निघाला. म्हणजे माणसांच्या सांडपाण्याकडे काणाडोळा नकोच. पण 2001 साली ब्रिटनमध्ये लाळ्या-खुरकुताच्या साथीत लाखो जनावरं मारली गेली, शेतशिवारात फिरण्यावर बंदी आली आणि इंग्लंड-वेल्समध्ये माणसांतला हा आजारही घटला. गुरांचा वाटा नाकारता येत नाही.

अतिनील किरणांनी हे कोष निकामी होतात, मग गोठ्याची उठाठेव कशाला? न्यूयॉर्कनेही पुढे तशी यंत्रणा उभारली, पण गोठ्यांची योजना सोडली नाही. गढूळ पाण्यात किरणांचा जोर कमी पडतो; शिवाय यंत्रणा शहराच्या तोंडाशी असते, ओढ्याचं पाणी थेट वापरणाऱ्या वस्तीला तिचा उपयोग नाही. आपल्याकडे ज्या गावात टीसीएल पावडर (क्लोरीनची ब्लीचिंग पावडर) हाच शुद्धीकरणाचा एकमेव उपाय आहे, तिथे या परजीवीपुढे ती अपुरी आहे. पाणी खळखळ उकळणं हा घरच्या घरी खात्रीचा उपाय. आणि वासरांचा गोठा ओढ्यापासून हलवायचा, तर त्याचा खर्च खालच्या अंगाला पाणी पिणाऱ्यांनीही उचलायला हवा.