गाठ नव्हे, गुठळी

छत्रपती संभाजीनगरात आमखास मैदानाजवळच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात जालना, बीड, परभणी, बुलढाण्याकडून माणसं येतात. अशांच्या चिठ्ठ्या वाचण्यात मेडिकलच्या काउंटरमागे माझी बरीच वर्षं गेली.

एकदा भोकरदनकडचा एक मुलगा चिठ्ठी पुढे करून तसाच उभा राहिला. आईच्या गर्भाशयाच्या गाठीचं ऑपरेशन झालं होतं. आता एक पाय सुजला होता. "काका, पायातबी गाठ झाली म्हणायलेत. म्हणजे रोग पायात उतरला का?"

चिठ्ठीवर एनॉक्सापॅरिन होतं, म्हणजे रक्त गोठू न देणारी सुई. मराठीत कर्करोगाच्या गाठीला आणि शिरेत गोठलेल्या रक्ताला, दोन्हीला गाठच म्हणतात, आणि त्या एका शब्दापायी हे घर रात्रभर झोपलं नव्हतं. त्या दिवसापासून मी 'गुठळी' म्हणतो. पिठल्यात होते तशी, रक्तात झालेली. कर्करोगाच्या पेशी रक्त गोठवणारे पदार्थ सोडतात, त्यात ऑपरेशन, केमो आणि पडून राहणं. हा संबंध पॅरिसचे डॉक्टर आर्मां त्रुसो यांनी 1865 मध्ये सांगितला. पुढे स्वतःच्या शिरेत तीच खूण दिसली तेव्हा त्यांनी आपला आजार ओळखला. 1867 मध्ये ते गेले.

घरच्यांनी पोटरी कोमट तेलानं चोळली होती. माझ्या पोटात गोळा आला. चोळल्यानं गुठळी सुटून फुप्फुसात अडकू शकते. एकच पाय सुजला, दुखला, तर हात न लावता डॉक्टर गाठायचा.

मुलाचा दुसरा प्रश्न: "आधीच रक्त कमी हाय, अन् पातळ कशाला करायलेत?" खरं तर या औषधानं रक्त पातळ होत नाही, फक्त गोठायला वेळ लागतो. शेतकऱ्यांना मी विस्कॉन्सिनची गोष्ट सांगतो. 1933 च्या हिमवादळात एक शेतकरी मेलेली कालवड आणि न गोठलेल्या रक्तानं भरलेला दुधाचा कॅन घेऊन कार्ल लिंक यांच्या प्रयोगशाळेत पोहोचला. बुरशी लागलेल्या चाऱ्यानं जनावरं रक्तस्रावानं मरत होती. त्या चाऱ्यातल्या द्रव्यावरून वॉरफरिन निघालं. 1948 मध्ये ते उंदरांचं विष म्हणून बाजारात आलं, माणसांचं औषध नंतर झालं. बुरशीचा चारा म्हटलं की ऐकणाऱ्याला पुढचं फोड करून सांगावं लागत नाही.

कर्करोगात मात्र वॉरफरिन सांभाळणं अवघड. 2003 च्या अभ्यासात डाल्टेपॅरिनच्या सुईनं सहा महिन्यांत पुन्हा गुठळी होण्याचं प्रमाण शंभरात 17 वरून 9 वर आलं. आता अपिक्साबानसारख्या गोळ्याही आहेत. पण गुठळी व्हायच्या आधीच औषध द्यायचं, तर ते सरसकट नाही. 2019 च्या अभ्यासात अपिक्साबाननं गुठळ्या शंभरात 10 वरून 4 वर आणल्या, तसा मोठा रक्तस्रावही 2 वरून साडेतीनवर गेला. म्हणून कर्करोग कुठला, प्लेटलेट, हिमोग्लोबिन, पांढऱ्या पेशी, वजन बघून डॉक्टर ठरवतात.

सुई कशी द्यायची, ते त्या मुलाला नर्सताईंनी शिकवलं. बेंबीपासून तीन बोटं लांब, चिमटीत कातडी धरून, सुई सरळ. आतला हवेचा बुडबुडा काढायचा नाही, नंतर चोळायचं नाही. महिन्यानं तो कॅलेंडरचं पान घेऊन आला. रोजच्या चौकोनात 'डा' किंवा 'उ', म्हणजे पोटाची डावी-उजवी बाजू. आदल्या दिवशीच्या चौकोनात बारीक अक्षरात लिहिलं होतं: नाकातून रक्त. मी सुया काढल्याच नाहीत. तसाच त्याला आधी डॉक्टरांकडे पाठवला.