बोलकीं यंत्रें आणि आपले कारखानदार

उमरेडचें नांव निघालें म्हणजे जुन्या पिढीच्या डोळ्यांपुढें रेशीमकांठी धोतर उभें राहतें, आणि नव्या पिढीच्या डोळ्यांपुढें कोळशाच्या ट्रकांची रांग. नागपूरच्या आग्नेयेस सुमारें ४५ किलोमीटरवर असलेल्या आमच्या या गांवानें दोन्ही धंदे जवळून पाहिले आहेत. कोष्टी मंडळींच्या मागांचा तो जुना व्याप आतां राहिला नाहीं. वेस्टर्न कोलफील्ड्सच्या खाणी आसपास आहेत, आणि ज्यांचे आजे खड्डामागावर बसत त्यांचे नातू आज हिंगणा व बुटीबोरी येथील औद्योगिक वसाहतींत यंत्रांपुढें उभे असतात. या नातवांच्या यंत्रांना अलीकडे वाचा फुटूं लागली आहे. ती वाचा कोणास गोड लागते, कोणास कडू, आणि कां, याचा थोडा विचार या लेखांत करण्याचें योजिलें आहे.

'वाचा फुटणें' हा आम्हीं केवळ अलंकार म्हणून योजिला नाहीं. पूर्वींचें यंत्र मुकें असे. तें तापलें किंवा खडखडलें कीं जवळचा कारागीर तें ओळखी आणि आपल्या अकलेप्रमाणें उपाय करी. आतां यंत्राच्या अंगावर बारीक संवेदक बसवितात. उष्णता, कंप, वीज किती ओढली, नग किती उतरले, यंत्र किती वेळ रिकामें उभें राहिलें, या सर्वांची खबर क्षणोक्षणीं आंकड्यांच्या रूपानें संगणकाकडे जाते. तो संगणक त्याच कारखान्यांत असेल अथवा सातासमुद्रांपलीकडेहि असेल. तेथून उलट हुकूम येतो. आणि पुष्कळदां एक यंत्र दुसऱ्यास परस्परच कळवितें कीं, माझा माल येत आहे, तूं तयार राहा. लोक ज्यास 'डेटा' म्हणतात त्यास आम्ही येथें 'नोंद' म्हणूं. २०११ सालीं जर्मनींतील हॅनोव्हर येथील औद्योगिक प्रदर्शनांत या पद्धतीस 'इंडस्ट्री ४.०' असें नांव मिळालें. वाफ ही पहिली क्रांति, वीज दुसरी, इलेक्ट्रॉनिक उपकरणें तिसरी आणि हें जाळें चौथी, असा तो हिशेब. क्रांतीलाहि पुस्तकासारखा आवृत्तीचा आंकडा घालावा ही कल्पना आम्हांस थोडी मौजेची वाटते. पण नांव रूढ झालें आहे.

गृहिणींना याचें उदाहरण स्वयंपाकघरांतच सांपडेल. बाजारांत 'सॉर्टेक्स' म्हणून जो तांदूळ मिळतो तो भातगिरणींत अशाच डोळस यंत्राखालून गेलेला असतो. दाणे घसरत खालीं येत असतां कॅमेरा त्यांस पाहतो, आणि काळा-पिवळा दाणा किंवा खडा दिसतांच वाऱ्याची बारीक फुंकर त्यास बाजूला उडविते. ओसरीवर ताट घेऊन तांदूळ निवडणाऱ्या आजीबाईंचेंच हें काम. फरक इतकाच कीं, आजीबाईंनीं किती खडे काढले याचा हिशेब कोणी ठेवीत नसे. यंत्र तो ठेवूं शकतें. आमच्या विषयाचें सारें मर्म या हिशेबांत आहे.

विणकराच्या दृष्टीनें पाहिल्यास यांत फारसें अपूर्व कांहीं नाहीं. फ्रान्सांतील लिआँ शहरीं जोसेफ मारी जकार यानें १८०४ च्या सुमारास रेशमी कापडाच्या मागासाठीं भोंकें पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ योजिली. पुठ्ठ्याला जेथें भोंक तेथें ताण्याचा धागा उचलला जाई, जेथें नसे तेथें तो खालीं राही, आणि कापडावर नक्षी उतरे. आपल्याकडील मागवाल्यांना ही युक्ति 'जकार्ड' या नांवानें परिचित आहे. उचल किंवा राहूं दे, होय किंवा नाहीं, या जोडीवरच आजच्या संगणकाची सगळी भाषा उभारलेली आहे. आणि चार्ल्स बॅबेज या इंग्रज गणितज्ञानें आपल्या गणनयंत्रासाठीं पुठ्ठ्यांची कल्पना या मागावरूनच घेतली. जकाराचें रेशमांत विणलेलें एक चित्र बॅबेजच्या संग्रहीं होतें. तें विणण्यास सुमारें २४,००० पुठ्ठे लागले होते. संस्कृतांत 'सूत्र' या एकाच शब्दानें धागा आणि नियम हे दोन्ही अर्थ सांगितले जातात, याची अशा वेळीं आठवण होते. लिआँच्या विणकरांनीं मात्र त्या मागाला विरोध केला. त्यांस पोटाची धास्ती होती. आमच्या मतें त्या धास्तींत आणखीहि एक गोष्ट असावी : नक्षी पुठ्ठ्यावर चढली कीं ती विणकराच्या बोटांतून निघून पुठ्ठ्याच्या मालकाकडे जाते.

कारखानदार नव्या यंत्राकडे कसे पाहतात, याचा धडा घेण्यास नागपूर हें चांगलें ठिकाण आहे. १ जानेवारी १८७७ रोजीं जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल येथें सुरू झाली. पुढें सूत काढण्याच्या नव्या 'रिंग' चात्यांचा प्रयोग त्यांनीं येथें केला. लँकेशायरचे गिरणीवाले त्या वेळीं जुन्या 'म्यूल' यंत्रालाच चिकटून होते आणि त्यानंतरहि कित्येक दशकें चिकटून राहिले. ज्यांचें भांडवल जुन्यांत गुंतलें होतें त्यांस नव्याचे दोष आधीं दिसले. ज्यांस नव्यानें मांडामांड करावयाची होती त्यांस गुण आधीं दिसले. त्याच गिरणींत १८८६ सालीं कामगारांसाठीं निवृत्तिवेतनाचा निधि निघाला, आणि १८९५ सालीं अपघातांत सांपडलेल्यास भरपाई देण्याची सोय झाली. ती गिरणी २००२ सालीं कायमची बंद पडली, तरी नवें यंत्र आणि माणसाची तरतूद या दोन गोष्टी एकाच मालकास सुचूं शकतात, एवढा तिचा दाखला राहिला आहे.

आजच्या मोठ्या कारखानदारांचें मत बहुतेक अनुकूलच आहे. पुण्याजवळ चाकण येथें बजाज ऑटोनें २०१० च्या सुमारासच माणसाशेजारीं उभे राहून काम करणारे यंत्रहस्त आणले. त्याच चाकणांत फेब्रुवारी २०१५ मध्यें जनरल इलेक्ट्रिक या अमेरिकन कंपनीच्या कारखान्याचें उद्घाटन झालें. निरनिराळ्या धंद्यांचे भाग एकाच छपराखालीं करावे आणि यंत्रें व संगणक एका जाळ्यांत गोंवावे, ही तेथील योजना. केंद्र सरकारनेंहि ही विद्या धंदेवाल्यांत पसरविण्यासाठीं 'समर्थ उद्योग' हा उपक्रम काढला असून त्याचें एक केंद्र पुण्यास आहे. (इंग्रजी आद्याक्षरें जुळवून 'समर्थ' हें नांव साधलें आहे; रामदासांशीं त्याचा संबंध नाहीं.) मोठ्यांची ही अनुकूलता समजण्यासारखी आहे. पांचशें यंत्रांच्या धन्याला प्रत्येकाशेजारीं उभें राहून पाहणें शक्य नसतें, आणि एक यंत्र अवचित बिघडलें तर त्यामागची सगळी ओळ थांबते. बेअरिंग झिजत असल्याचें कंपावरून चार दिवस आधीं कळलें, तर दुरुस्ती सुटीच्या दिवशीं उरकतां येते. हा लाभ खरा आहे. तो नाकारणें हटवादीपणाचें होईल.

लहान कारखानदाराची गोष्ट निराळी. आमचा एक जुना विद्यार्थी हिंगण्यास सहा लेथांचा कारखाना चालवितो आणि परगांवच्या एका मोठ्या कंपनीला धातूचे कातीव भाग पुरवितो. दोन वर्षांपूर्वीं कंपनीनें त्यास सुचविलें कीं, तुमच्या यंत्रांवर आमच्या पेट्या बसवूं, खर्च आमचा. म्हणजे माल केव्हां तयार होईल हें आम्हांस बसल्या जागीं दिसेल. त्यानें होकार दिला, आणि पहिल्या महिन्यांतच त्याचे डोळे उघडले. आपलीं यंत्रें दिवसभर चालतात अशी त्याची खात्री होती. नोंदीवरून कळलें कीं, आठ तासांच्या पाळींत धातु प्रत्यक्ष कातला जातो तो जेमतेम साडेचार तास. बाकीचा वेळ मालाची वाट पाहण्यांत, हत्यार बदलण्यांत, नकाशा शोधण्यांत जाई. त्यानें हत्यारें यंत्राजवळ मांडलीं, नकाशे डोळ्यांसमोर टांगले, आणि कोणास अधिक न राबवितां नगांची संख्या वाढली. "गुरुजी, वीस वर्षें धंदा केला, पण माझाच कारखाना मला माहीत नव्हता," असें तो आम्हांस म्हणाला.

पुढें दराची बोलणी करण्याची वेळ आली. कंपनीच्या खरेदी-अधिकाऱ्यानें एक कागद पुढें केला : या नगास तुम्हांस इतकीं मिनिटें लागतात, वीज इतकी जळते, मग हा दर कशासाठीं? पूर्वीं अशी बोलणी अंदाजावर चालत. दोन्ही बाजू थोडें झांकीत, थोडें ताणीत, आणि मध्यें कोठें तरी सौदा ठरे. आतां एका बाजूचे पत्ते उघडे पडले होते आणि दुसरीचे मुठींत होते. हत्यारें नीट मांडून वांचविलेला वेळ हा त्याच्या अकलेचा नफा. तो हातीं पडण्यापूर्वींच दरांतून कापला गेला. "यंत्र माझें, वीज माझी, माणसें माझीं, आणि वही तेवढी त्यांची," हे त्याचे शब्द.

एकत्र कुटुंबांत नांदणाऱ्या आमच्या वाचकांस हें दुखणें फोडून सांगावयास नको. सर्वांची मिळकत एका पेटींत पडते याबद्दल सहसा तक्रार नसते. पण जमाखर्चाची वही एकानेंच वाचावी आणि बाकीच्यांनीं जाब द्यावा, असें झालें कीं वाटणीची भाषा सुरू होते. पैसा असूनहि वही झांकून ठेवल्यानें मोडलेलीं घरें आमच्या पाहण्यांत आहेत.

या वहींत आणखी एकाची नोंद होत असते, आणि त्यास तर कोणी विचारीतहि नाहीं. तो म्हणजे लेथावरचा कारागीर. आमच्या विद्यार्थ्याच्या कारखान्यांत यंत्र चालूं असतां हिरवा दिवा लागे, थांबलें कीं लाल, आणि ती वेळ टिपली जाई. महिन्याभरांत कारागिरांनीं तोड काढली : पाणी प्यावयास जातांना यंत्र रिकामेंच फिरत ठेवावयाचें. दिवा हिरवा, विजेचें बिल मोठें, नोंद खोटी. मालक चिडला. आम्हीं त्यास विचारलें, "लाल दिव्यावरून तूं कोणाचा पगार कापलास काय?" तो गप्प राहिला, दोनदां कापला होता. ज्या नोंदीवरून शिक्षा होते ती नोंद खोटी होऊं लागते, हें पस्तीस वर्षें शाळेचे हजेरीपट भरणाऱ्यास नवीन नाहीं. कंपनीचें जें वागणें त्याला बोंचलें होतें तेंच त्यानें आपल्या माणसांशीं केलें होतें, आणि हें साम्य त्याच्या ध्यानांत आलें नव्हतें.

त्याच कारागिरांतील एक, उमरेडच्या कोष्ट्याचा मुलगा, हत्यार बोथट झाल्याचें कातण्याच्या आवाजावरून ओळखतो. संगणकासहि आतां तें ओळखावयास शिकवितात. आणि शिकवितात तें अशाच माणसांच्या कामाच्या नोंदींवरून. त्याचा आजा पांजणी करतांना सुताला खळ बरोबर बसली कीं नाहीं हें दोन बोटांनीं सांगे. तें ज्ञान त्याच्याबरोबर गेलें, ही हानि खरी. पण तें त्याला न विचारतां कोणी नेलें नव्हतें.

जाळ्याचा आणखी एक धोका असा कीं, तें एका ठिकाणीं तुटलें तर झळ दूरवर पोंचते. जून २०१७ मध्यें मर्स्क या जहाज-कंपनीच्या संगणकांत एक घातकी विषाणु शिरला, आणि आपल्या न्हावा-शेवा बंदरांतील तिच्याकडे असलेल्या धक्क्याचें काम अडकून पडलें. २०२५ सालचें उदाहरण याहून मोठें. जमशेटजींनीं पाया घातलेल्या त्याच टाटा घराण्याकडे आज इंग्लंडांतील जग्वार लँड रोव्हर ही मोटार-कंपनी आहे. ऑगस्टच्या अखेरीस तिच्या संगणकांवर हल्ला झाला. १ सप्टेंबरपासून उत्पादन बंद, तें ८ ऑक्टोबरपासून हळूहळू सुरू झालें. ब्रिटनमधील एका तज्ज्ञ मंडळानें त्या देशाच्या नुकसानीचा अंदाज सुमारें १९० कोटि पौंड केला, आणि झळ लागलेल्या संस्था ५,००० हून अधिक सांगितल्या. कंपनी मोठी, ती तगली. सरकारनेंहि तिच्यासाठीं १५० कोटि पौंडांच्या कर्जाला हमी दिली. पण ज्या लहान पुरवठादारांचा यांत कांहींच अपराध नव्हता, त्यांचीं यंत्रें हुकुमावांचून उभीं राहिलीं, आणि कांहींनीं माणसें कमी केलीं. मार्च २०१९ मध्यें नॉर्वेतील नॉर्स्क हायड्रो या अॅल्युमिनियम-कंपनीवर असाच प्रसंग आला असतां तिनें खंडणी दिली नाहीं. कागद-पेन्सिल घेऊन कारखाने हातानें चालविले, आणि जुनी पद्धति जाणणारे कांहीं निवृत्त लोक मदतीस परत आले. आम्हां निवृत्तांना ही हकीकत वाचून किंचित् समाधान झालें, हें लपवीत नाहीं.

तरीहि जाळ्याबाहेर राहूं म्हणण्याचे दिवस गेले. व्यापारी-व्यापाऱ्यांतील बिलें सुद्धां, वार्षिक उलाढाल ५ कोटींवर असल्यास, १ ऑगस्ट २०२३ पासून सरकारी जाळ्यावर नोंदवावीं लागतात. वाद उरला आहे तो वहीचा. माहितीच्या संरक्षणाचा आपला २०२३ चा कायदा व्यक्तींविषयींच्या माहितीसाठीं आहे. लेथानें किती मिनिटें धातु कातला, हें त्याच्या कक्षेंत येत नाहीं. युरोपीय संघांत मात्र १२ सप्टेंबर २०२५ पासून जो कायदा लागू झाला त्यानें जाळ्याला जोडलेलें यंत्र वापरणाऱ्यास त्याच्या वापरांतून निघणारी नोंद मिळविण्याचा हक्क दिला. आपल्याकडे तूर्त करार हाच आधार. आणि सहा लेथांचा धनी एकटा जाऊन मोठ्या गिऱ्हाइकाशीं करार काय घासाघीस करून घेणार? हें काम विदर्भ इंडस्ट्रीज असोसिएशन, बुटीबोरी मॅन्युफॅक्चरर्स असोसिएशन यांसारख्या संघांनीं हातीं घ्यावें, एक नमुन्याचा करार मराठींत व इंग्रजींत छापावा, आणि त्यांत कारागिराविषयीं एक कलम अवश्य घालावें, असें आम्हांस वाटतें.

गेल्या महिन्यांत आमच्या विद्यार्थ्यानें कंपनीला पत्र पाठविलें. मराठी मसुदा आधीं आमच्याकडे आणला होता. आम्हीं त्यांतील शुद्धलेखन तेवढें सुधारलें. मागण्या त्याच्याच आहेत. नोंदीची प्रत त्याच क्षणीं आपल्यालाहि मिळावी. नग तयार झाला कीं नाहीं एवढेंच कंपनीनें पाहावें, मिनिटें व वीज पाहूं नये. आणि दराच्या बोलण्यांत ही नोंद पुढें करूं नये. उत्तर अजून आलेलें नाहीं. लाल दिव्यावरून पगार कापणें त्यानें बंद केलें आहे. सहांपैकीं दोन यंत्रांवर कंपनीच्या पेट्या आहेत. उरलेल्या चारांवर त्यानें स्वतःच्या खर्चानें दुसऱ्या बसविल्या आहेत, आणि त्यांचे आंकडे रोज संध्याकाळीं कारागीरच फळ्यावर खडूनें लिहितात.