टाइप करताय एका विंडोत आणि अक्षरं जातायत दुसरीकडे? कॉम्प्युटरवरचा ‘फोकस’ कोण पळवतं, त्याला कसं आवरायचं?

समजा, तुम्ही एका साइटवर पासवर्ड टाकताय. नजर कीबोर्डवर आहे, बोटं झरझर चालतायत. पासवर्ड संपला, सवयीनं एंटर दाबलं आणि मान वर केली, तर पासवर्डची चौकट रिकामीच. मधल्या मध्ये चॅटची विंडो पुढे आली होती आणि तुमचा पासवर्ड आता सोसायटीच्या ग्रुपवर झळकतोय.

दरवेळी प्रकरण इतक्या थराला जात नाही. कधी अर्धं वाक्य भलत्याच फाइलमध्ये जातं, कधी न वाचलेल्या प्रश्नाला एंटरमुळे ‘हो’ असं उत्तर जातं. पहिली शंका येते ती व्हायरसची. पण बहुतेक वेळा कारण साधं असतं आणि ते शोधताही येतं.

फोकस म्हणजे नेमकं काय?

स्क्रीनवर दहा विंडो उघड्या असल्या तरी कीबोर्ड एकच असतो. तुम्ही दाबलेलं बटण कोणत्या विंडोला द्यायचं, हे ऑपरेटिंग सिस्टिमला ठरवावं लागतं. एका वेळी ते एकाच विंडोला मिळतं आणि त्या विंडोकडे फोकस आहे असं म्हणतात.

कॉम्प्युटरला तुमची नजर कळत नाही. तुम्ही ज्या विंडोकडे बघताय तिच्याकडेच फोकस असेल, असं नाही. दोन मॉनिटर वापरणाऱ्यांची गफलत इथेच होते. म्हणून आधी खुणा ओळखा. लुकलुकणारी उभी रेघ कुठे आहे ते बघा. विंडोज ११मध्ये टास्कबारवर फोकस असलेल्या ॲपच्या चिन्हाखाली लांब रेघ असते, उघड्या पण मागे असलेल्या ॲपखाली आखूड.

मग कुणीही पुढे घुसू शकतं का?

एके काळी जवळपास तसंच होतं. विंडोज ९८ आणि विंडोज २०००पासून मायक्रोसॉफ्टने त्यावर बंधनं घातली. ज्या प्रोग्राममध्ये तुम्ही काम करताय तो, किंवा त्याने सुरू केलेला प्रोग्राम पुढे येऊ शकतो. मागे असलेल्या प्रोग्रामने घुसायचा प्रयत्न केला, तर त्याचं चिन्ह टास्कबारवर लुकलुकतं. ते लुकलुकणं म्हणजे ‘मला पुढे यायचं होतं, पण अडवलं’ असा निरोप.

या नियमाला वेळेची मर्यादा आहे. विंडोजमधली मूळ नोंद २,००,००० मिलिसेकंदांची, म्हणजे २०० सेकंदांची असते. तुम्ही शेवटचं बटण किंवा माऊस दाबल्यापासून इतका वेळ हे कुलूप टिकतं. तीन मिनिटं वीस सेकंद तुम्ही काहीच न करता नुसतं वाचत बसलात, तर मागचा प्रोग्राम पुढे येऊ शकतो. ‘मी तर कशालाच हात लावला नव्हता’ ही तक्रार म्हणूनच खरी असते.

मॅकवर २०२३च्या सोनोमा आवृत्तीपासून ॲपलने वेगळा मार्ग घेतला. तिथे ॲप पुढे येण्याची विनंती करतं, पण सिस्टिम ती मान्य करेलच असं नाही. लिनक्सवर केडीई डेस्कटॉप वापरत असाल तर फोकस चोरी किती कडकपणे रोखायची, याच्या पाच पायऱ्या सेटिंगमध्येच दिलेल्या आहेत.

चोर कसा शोधायचा?

सोप्या संशयितापासून सुरुवात करा.

१. टचपॅड. लॅपटॉपवर टाइप करताना तळहाताचा कडेचा भाग टचपॅडला लागतो, कॉम्प्युटर त्याला क्लिक समजतो आणि फोकस उडतो. कर्सर त्याच फाइलमध्ये दुसऱ्या ओळीवर उडी मारत असेल, तर आधी इथेच बघा. विंडोज ११मध्ये सेटिंग्ज, ब्लूटूथ अँड डिव्हायसेस, टचपॅड इथे जाऊन संवेदनशीलता कमी करा. बाहेरचा माऊस जोडून तासभर टचपॅड बंद ठेवला की लगेच खात्री पटते.

२. माऊस नेला की विंडो जागी होणं. कंट्रोल पॅनेलमधल्या ईज ऑफ ॲक्सेस विभागात, माऊस वापरणं सोपं करण्याच्या पानावर, नुसता माऊस वर नेला तरी विंडो सुरू करण्याचा पर्याय असतो. तो चुकून चालू झाला असेल तर टेबलाला धक्का लागला तरी फोकस बदलू शकतो. खूण काढून टाका.

३. मागे चालणारा प्रोग्राम. विंडो पुढे आलेली दिसते, तेव्हा नाव समोरच असतं. पण कधी काळी चौकट क्षणभर चमकते आणि गायब होते. अशा वेळी घड्याळात बघून वेळ लिहून ठेवा. ठरावीक अंतराने होत असेल तर टास्क शेड्युलर उघडा आणि शेवटचं काम केव्हा चाललं ते दाखवणाऱ्या रकान्यात ती वेळ शोधा.

४. तरीही सापडत नसेल तर अर्धे-अर्धे करा. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा, स्टार्टअपमधले निम्मे प्रोग्राम बंद करा आणि कॉम्प्युटर पुन्हा सुरू करा. त्रास थांबला तर चोर बंद केलेल्या निम्म्यात आहे, नाहीतर उरलेल्यात. सोळा प्रोग्राममधला एक दोषी असेल तर तो चार फेऱ्यांत हाती लागतो. अँटिव्हायरस मात्र बंद करू नका.

रजिस्ट्रीला हात लावावा का?

इंटरनेटवर हा उपाय सर्रास सांगितला जातो. आधी सांगितलेली २०० सेकंदांची नोंद रजिस्ट्रीत, करंट युजरखालच्या कंट्रोल पॅनेल आणि मग डेस्कटॉप या कप्प्यात असते. नाव फोरग्राउंड लॉक टाइमआउट. एखाद्या प्रोग्रामने ती शून्य करून ठेवली असेल तर कुलूपच उरत नाही. अशा वेळी आधी त्या कप्प्याची प्रत काढून ठेवा, दशमान पद्धत निवडून २००००० लिहा आणि लॉग आउट करून परत या. आकडा आधीच बरोबर असेल तर तिथे काही बदलू नका. चोर दुसरा आहे.

मराठी टाइप करणाऱ्यांची वेगळी अडचण

विंडोजच्या कीबोर्डच्या प्रगत सेटिंगमध्ये, प्रत्येक ॲपच्या विंडोसाठी वेगळी इनपुट पद्धत ठेवण्याचा पर्याय असतो. तो चालू असला की फोकस बदलताच भाषाही बदलते. वर्डमध्ये मराठी, ब्राउझरमध्ये गेलात की इंग्रजी. काहींना हे सोयीचं वाटतं, पण माहीत नसेल तर कीबोर्ड बिघडल्यासारखा वाटतो. सगळीकडे एकच भाषा हवी असेल तर खूण काढा. भाषा हातानं बदलायला विंडोजचं बटण आणि स्पेसबार पुरेसे आहेत.

नोटिफिकेशन बंद केलं की झालं?

नाही. कोपऱ्यात सरकत येणारी नोटिफिकेशनची पट्टी तुमचं लक्ष घेते, पण सहसा कीबोर्ड घेत नाही. ‘डू नॉट डिस्टर्ब’ लावल्याने शांतता मिळेल. फोकस चोरणारा प्रोग्राम त्याने थांबेलच असं नाही.

ब्राउझर बनवणाऱ्यांनाही हा धोका ठाऊक आहे. फायरफॉक्समध्ये फाइल डाउनलोड करण्याबद्दल विचारणारी चौकट आली की तिचं बटण साधारण सेकंदभर दाबताच येत नाही. ते हँग झालेलं नसतं. दुसरीकडे टाइप करत असताना चुकून होकार जाऊ नये, म्हणून मुद्दाम ठेवलेली ती उसंत आहे.

तीच उसंत आपणही घ्यावी. पासवर्ड किंवा ओटीपी टाकताना चॅटचं ॲप मिनिमाइज न करता पूर्ण बंद करा. पहिलं अक्षर टाइप केलं की एकदा वर बघा: चौकटीत ठिपका उमटला का? उमटला असेल तरच पुढे टाइप करा. आणि शेवटचं एंटर दाबण्याआधी पुन्हा एकदा नजर टाका. पासवर्ड चुकून ग्रुपवर गेलाच तर मेसेज डिलीट करून थांबू नका, पासवर्डही लगेच बदला. डिलीट होण्याआधी तो कुणी वाचला, हे तुम्हाला कळणार नाही.