पेटतो, पण टिकत नाही

थंडीच्या दिवसांत परभणीचं किमान तापमान मराठवाड्याच्या बातम्यांत हमखास झळकतं. वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठातली नोंद एक आकडी झाली, की गॅस गीझर दुरुस्त करणाऱ्यांचे फोन वाजू लागतात. तक्रार बहुतेक एकच असते, "पेटायलाय अन् लगेच विझायलाय." निदानही ग्राहकानेच करून ठेवलेलं असतं: सेन्सर गेला.

वसमत रोडच्या बाजूला एका घरी आलेला मेकॅनिक सेन्सरचं नावसुद्धा काढत नाही. तो गरम पाण्याचा नळ सोडायला लावतो आणि नुसता ऐकत उभा राहतो. ठिणगीची टकटक, भप्प करून पेटलेली ज्योत, चार-पाच सेकंद, मग झडपेचा खट्ट आवाज. "काकू, सेल कधी बदलले?" काकूंना आठवत नाही.

गीझर किती वेळाने विझतो, यावरून निम्मा तपास होतो. वीस मिनिटांनी विझत असेल तर बहुधा बिघाडच नाही. अनेक गीझरमध्ये तेवढ्या वेळाचा टायमर असतो. ठिणगीच पडत नसेल तर दोष एक तर सेलचा, नाहीतर पाण्याचा. पाण्याच्या दाबाने आतला रबरी डायफ्रॅम फुगतो, एक पिन पुढे सरकते आणि मायक्रोस्विच दाबला जातो. तिथून पुढे सगळं सुरू होतं. एक मीटर उंचीच्या पाण्याचा दाब जेमतेम 0.1 बार. एकमजली घराच्या गच्चीवर टाकी असली तर गीझरच्या वाट्याला त्याच्या दुपटीइतका दाब आला तरी पुष्कळ. त्यात बोअरचं जड पाणी. काळ्या पाषाणातून येणारा क्षार आतल्या जाळीवर बसला की पिन हलायचं नाव घेत नाही. हे सगळं सेन्सरच्या अलीकडचं, आणि तरी बदलला जातो सेन्सरच.

काकूंचा गीझर पेटतो, म्हणजे पाण्याची बाजू ठीक आहे. मेकॅनिक मल्टीमीटर लावतो. दोन मोठ्या सेलचे मिळून तीन व्होल्ट हवेत. नळ बंद असताना आकडा बरा दिसतो, पण ठिणगी सुरू होताच घसरतो. थकलेला सेल असाच असतो: बसून ठणठणीत, कामाला लावला की गळतो. नवे सेल घालूनही ज्योत पुन्हा विझते, तेव्हा कुठे तो पुढचं कव्हर उतरवतो.

बर्नरजवळ दोन सळया. एक ठिणगीची, दुसरी ज्योतीत बुडलेली, तिच्या बुडाशी चिनी मातीची नळी. हा सेन्सर. तो उष्णता मोजत नाही. ज्योतीत विद्युतभारित कण असतात, त्यामुळे तिच्यातून अगदी क्षीण प्रवाह वाहू शकतो: काही मायक्रोअँपिअर, म्हणजे अँपिअरचे काही दशलक्षांश. सळई बारीक आणि बर्नर मोठा, म्हणून उलटसुलट वाहणारी वीज दिली तरी ती ज्योतीतून मुख्यतः एकाच दिशेने जाते. चांगलं सर्किट नेमकं हेच ओळखतं. सळईला नुसती तार जोडून त्याला फसवता येत नाही, कारण तारेतून वीज दोन्ही दिशांनी जाते. अमेरिकेतल्या मराठी घरांत थंडीभर चालणाऱ्या गॅसच्या फर्नेसमध्येही असाच सेन्सर असतो, आणि तिथेही काही सेकंदांत विझणाऱ्या ज्योतीचा पहिला संशय त्याच्यावरच येतो.

इतका क्षीण प्रवाह अडवायला काजळीचा पातळ थरही पुरतो. मेकॅनिक सळई काढून बारीक पॉलिश पेपर हलक्या हाताने फिरवतो. खरखरीत कागद तो टाळतो. ओरखड्यांत काजळी लवकर धरते. चिनी मातीला तडा नाही ना, हे उजेडात धरून पाहतो. मग जे बहुतेक जण विसरतात ते करतो: बर्नरच्या बॉडीला आलेल्या तारेचा स्क्रू सोडतो. खाली गंज. प्रवाह सळईतून ज्योतीत आणि ज्योतीतून बर्नरच्या धातूत जातो. परतीची ही वाट गंजली तर कोरा सेन्सरही आंधळाच ठरतो. स्क्रू घासून आवळल्यावर ज्योत पेटते आणि टिकते. नवा सेन्सर पिशवीतच राहतो.

काकूंच्या लेखी काम संपलं. मेकॅनिकची नजर मात्र न्हाणीघराच्या बंद खिडकीवर आहे. गीझर आतच टांगलेला, आणि थंडी आत येऊ नये म्हणून झरोक्यातही कापड कोंबलेलं. सेन्सर ज्योत आहे की नाही एवढंच सांगतो. हवा कमी पडून कार्बन मोनॉक्साइड तयार होऊ लागला तर तो आपण होऊन झडप बंद करीलच असं नाही. या वायूला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. दुरुस्त झालेला गीझर आता अशा खोलीत विनाखंड पेटता राहणार.

"थंडी सरली की बाहेर बसवू," काकू म्हणतात.

"थंडीतच तर दारं-खिडक्या लावता तुम्ही," असं म्हणत तो कापड ओढून काढतो, सिलिंडरचा रेग्युलेटर बंद करतो आणि मागच्या ओसरीतल्या भिंतीवर टेप धरून पाइप किती लागेल ते मोजू लागतो.