विरंगुळ्यासाठी स्पॅनिश पुस्तके

अमेरिकेतील अनेक सार्वजनिक ग्रंथालयांत स्पॅनिश कपाट म्हणजे इंग्रजी शिकण्याची आणि नागरिकत्व-परीक्षेची पुस्तके. ती हवीतच, पण दिवसभर राबून आलेल्या माणसाला रात्री परीक्षेची तयारी नको असते. त्याला कथा हवी असते: कोरीन तेयादोच्या प्रेमकादंबऱ्या, इसाबेल आयेंदेच्या कादंबऱ्या, नाहीतर मेक्सिकोत 1978पासून निघणारी ‘एल लिब्रो वाकेरो’ ही खिशात मावणारी काउबॉय चित्रकथा. अशा पुस्तकांना हलके समजून नाक मुरडणारा ग्रंथपाल वाचक गमावतो.

खरेदीत खरी मेख आहे. इंग्रजी बेस्टसेलरांचे अनुवाद सहज मिळतात, तेवढ्यावर भागत नाही. त्यातही माद्रिदमध्ये झालेल्या अनुवादाची बोली मेक्सिकन वाचकाला परकी वाटू शकते. म्हणूनच अनेक अमेरिकी ग्रंथपाल मेक्सिकोत 1987पासून भरणाऱ्या ग्वादालाहारा पुस्तक जत्रेत जाऊन पुस्तके निवडतात.

वाचक आत येणे हेही सोपे नसते. कागदपत्रांच्या धास्तीने कित्येक जण सदस्यत्वाचा अर्ज भरत नाहीत. पण ओढ लावली तर लोक येतात: न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयात 1921मध्ये रुजू झालेल्या प्वेर्तो रिकोच्या पुरा बेलप्रे यांनी स्पॅनिशमधून गोष्टी सांगायला सुरुवात केली, तेव्हा मुलांच्या मागोमाग पालकही आले.